आधी परवाना, मग बंदूक

साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याला मी ज्या घरात भाड्यानं राहायचो, त्या घराच्या ओसरीवर पत्र्याची एक निळी पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पुरातन शस्त्रसंग्रह. पाहण्याची वेळ सकाळी. चपला बाहेर काढाव्यात. शस्त्रांस हात लावू नये.' मी खोली बघायला गेलो, तर घरमालकांनी खोलीच्या आधी संग्रहच दाखवला. चपला काढून आत गेलो. सारवलेली जमीन, चुन्याची भिंत आणि भिंतीवर सागवानी खुंट्यांच्या जोड्या, एकीखाली एक. बंदुकीला ओरखडा पडू नये म्हणून प्रत्येक खुंटीला तांबड्या फ्लॅनेलचा तुकडा गुंडाळलेला. बंदूक मात्र एकही नव्हती.

"ही तोड्याची," मालक सगळ्यात वरच्या मोकळ्या जागेकडं हात करून म्हणाले. "वात पेटवून डागायची. त्याच्या खाली चकमकीची. आन् ही टोपीची. ही लय नाजूक हाय, हिच्याजवळ मोठ्यानं बोलू नये."

मी खरोखरच आवाज खाली आणला आणि विचारलं, की आहेत कुठं?

"यायच्यात," ते म्हणाले. माझ्या प्रश्नानं ते जरा दुखावलेले दिसले. "आधी परवाना, मग बंदूक. आधी वर्दी, मग जवान. फौजेची रीत हाय ती."

माझं गाव शिराळ्याकडचं. आमच्याकडं नागाला भ्यायचं नाही एवढं लहानपणापासून शिकवतात, पण नसलेल्या बंदुकीपुढं कसं उभं राहायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मी पाटबंधारे खात्यात नुकताच चिकटलो होतो, खोली हवेशीर होती, आणि मालकिणीनं न विचारता चहा आणून ठेवला होता. मी राहायला आलो.

गल्लीत त्यांना सगळे हवालदार म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांच्या बायकोला मी काकी म्हणायचो. हवालदार मला 'जवान' म्हणत. दूधवालाही जवान, तलाठीही जवान, आणि दाराशी येणारं कुत्रंही जवानच. अंगानं ते उंच, ताठ, मिशा कोरलेल्या. रस्त्यानं चालले तर अनोळखी पोलीस सलाम ठोकायचे. पण सगळी नोकरी त्यांनी लष्कराच्या गोदामात काढलेली. कांबळी, मच्छरदाण्या, सतरंज्या आणि मोजे, हा त्यांचा विभाग.

आता साताऱ्यातली गल्ली म्हणजे काय, प्रत्येक तिसऱ्या दाराआड एक निवृत्त फौजी. संध्याकाळी ही सगळी मंडळी पिंपळाच्या पारावर बसायची. कुणाच्या मांडीत गोळीची खूण, कुणाचं एक बोट बर्फात गेलेलं. लढायांच्या गोष्टी रंगत आल्या, की कुणीतरी हमखास गंभीर तोंड करून विचारायचं, "हवालदार, त्या येळंला मच्छरदाण्या पुरल्या का हो?" सगळे हसत. हवालदारही हसत. मात्र अशा संध्याकाळनंतर सकाळी भिंतीत खुंटी ठोकल्याचा आवाज यायचा. सहा महिने राहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या भिंतीवरच्या खुंट्या म्हणजे पारावरच्या चेष्टेचा हिशेब होता.

ठोकण्याचा आवाज म्हणालो, पण तो कापडात गुंडाळलेल्या हातोडीचा. कारण या माणसाला मोठा आवाज म्हणून सहन होत नसे. घरात कुकर नव्हता, शिट्टीमुळं. गल्लीत कुणाच्या सायकलची ट्यूब फुटली तर हवालदारांच्या हातातला कप हिंदकळायचा. दिवाळीत पहिली माळ वाजली की ते कांबळ्यांच्या पेटाऱ्यामागं जाऊन बसायचे आणि काकींनी हाक मारली तर "मोजतुया" म्हणून सांगायचे. एकदा मी धीर करून विचारलं, की फटाक्याचा आवाज सोसत नाही, तर बंदुकांचा नाद कशाला? त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

"जवान, वाघ बगायला आवडतो, म्हंजे काय चावून घ्यायला आवडतुय व्हय?"



एकदा जवळच्या शाळेतले एक गुरुजी पाटी वाचून आख्खा वर्ग घेऊन आले. मी कचेरीला निघालो होतो तो दारातच थांबलो, कारण आता काय होणार याची मला काळजी वाटली. काही झालं नाही. पोरांनी चपला काढल्या. हवालदारांनी हातात वेताची छडी घेतली आणि रिकाम्या भिंतीवरच्या एकेक बंदुकीची माहिती सांगितली. तोड्याची पावसात कशी रुसते, चकमकीचा दगड कसा बसवायचा, कुठली किती जड. माहितीत चूक नव्हती, सगळं कुठून कुठून वाचून त्यांनी पाठ केलेलं होतं. पोरं माना वर करून बघत होती. एकानं विचारलं, की मधल्या बंदुकीला गंज कसा काय चढलाय? हवालदारांनी जवळ जाऊन त्या जागेकडं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "पावसाळी हवा हाय, बाळ. आज तेल लावतू." गुरुजी जाताना आभार मानून गेले. त्यांना नक्की काय दिसलं, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

परवान्यासाठी हवालदारांनी पहिला अर्ज केला तो मी यायच्या आधी. दुसऱ्या खेपेला मात्र मला बरोबर नेलं, कारण मी सरकारी माणूस. कचेरीत शस्त्रपरवान्याच्या टेबलावर एक शांत, चष्मेवाले कारकून बसायचे. त्यांनी विचारलं, बंदूक कोणती. हवालदार म्हणाले, अजून ठरायची आहे. कशासाठी हवी? संग्रहासाठी. संग्रहात सध्या किती आहेत? एकही नाही. मग संग्राहक कसे? तर परवाना नाही म्हणून. आणि परवाना का नाही? तर संग्रह नाही म्हणून. कारकुनांनी चष्मा काढून पुसला. मग समजावून सांगितलं, की परवाना मागायला कारण लागतं. जिवाला धोका, शिकार, नाहीतर पिकाची राखण. नुसतं बघत बसणं हे कारण त्यांच्याकडं कुणी आजवर दिलं नव्हतं. पण माणूस भला होता. त्यांनी एक वाट सांगितली. जुनी, बिघडलेली, दुरुस्त करूनही उडणार नाही अशी बंदूक असेल तर तिला परवानाच लागत नाही. अशी एखादी मिळवा आणि खुशाल भिंतीला टांगा.

मला वाटलं, सुटलो. हवालदार मात्र खुर्चीतून उठले.

"बिनपरवान्याची? मला?" ते म्हणाले. "उडत न्हाई ती बंदूक न्हवं साहेब, ती नळी. नळीच टांगायची तर घरात फुंकणी हाय."



यानंतर काही महिन्यांनी काकींच्या माहेरचा निरोप आला. तिथून या गोष्टीला खरी धार आली.

काकींचं माहेर मेढ्याच्या पलीकडं, जावळीच्या डोंगरात. वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, काही वर्षांपूर्वी वारले होते. काकी एकुलत्या. जमीन काकींच्या नावावर चढलेली, पण ती चुलतभाऊ वाट्यानं करायचा. आबांची एक ठासणीची बंदूक होती, नळीत दारू ठासून, घोड्याखाली तांब्याची स्फोटक टोपी लावून उडवायची. रानडुकरांसाठी तिचा रीतसर परवाना होता. आबा गेल्यावर ती मेढ्याच्या ठाण्यात जमा झाली. चुलतभाऊ सांगत आला, की ठाण्यातून विचारणा झालीय. वारसानं परवाना काढून बंदूक नेली नाही तर ती मोडीत जाणार.

काकी भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही, पण ती भाकरी जळाली. त्यांच्या हातची जळालेली भाकरी मी ती एकच पाहिली.

हवालदारांना मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. खरीखुरी बंदूक, टोपीची, शंभरेक वर्षांची, आणि नात्यातली. ते त्याच दिवशी कचेरीत जाऊन विचारून आले. कारकून म्हणाले, ठासणीच्या बंदुकीला पिकाच्या राखणीचा परवाना सगळ्यात सोपा. फक्त पीक दाखवा आणि उपद्रव दाखवा.

आता सरळ गोष्ट होती. आबांचं रान होतं, त्यात जोंधळा होता, जोंधळ्यात डुकरं येत होती. मी तसं म्हणालो. हवालदारांनी मला ओसरीच्या टोकाला नेलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, की सासऱ्याच्या रानावर अर्ज केला तर पंचक्रोशीत घरजावई म्हणून डंका वाजेल. आयुष्यभर लोकांनी मच्छरदाण्यांवरून हसून घेतलं तेवढं पुरे. आपलं पीक आपण दाखवायचं.

आणि त्यांनी परसात मका पेरला.

घरामागं किल्ल्याच्या उताराला लागून थोडी मोकळी जागा होती. सातबाऱ्यावर ती शेती म्हणूनच होती, याचा हवालदारांना फार अभिमान. काकींनी रहाटाचं पाणी ओढून ओढून मका वाढवला. मका छातीला लागला तेव्हा प्रश्न उरला उपद्रवाचा. हवालदारांनी कुंपणाचं फाटक काढून ठेवलं. किल्ल्याच्या झाडीपासून फाटकापर्यंत, थोड्याथोड्या अंतरावर एकेक रताळं ठेवत गेले. रोज सकाळी जाऊन बघायचे. रताळी जात होती. पारावरच्या फौजींना ती आवडत होती, हे मला मागाहून कळलं.

शेवटी एका दुपारी डुक्कर आलं. गल्लीतल्या गटारातलं, ओळखीचं. दोन ताटं पाडून निघून गेलं. हवालदार धापा टाकत माझ्या खोलीत आले. मी म्हणालो, हे गावडुक्कर आहे. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या दृष्टीनं चोख होतं. "हे रान हाय. सातबारा सांगतुय. रानात आलं ते रानडुक्कर."

तलाठी पाहणीला आले, किरकोळ अंगाचे, काखेत छत्री. तोवर आणखी एक घोटाळा झालेला. फाटक काढलेलं असल्यानं शेजारच्या बांगडीवाल्या चाचांची शेळी दोन दिवस मक्यात वस्तीलाच होती. तलाठ्यांनी एक ताट वाकवून पाहिलं.

"हवालदार, डुकरानं वरचा शेंडा खाल्ला आन् खालचं कणीस ठिवलं?"

"साताऱ्यातलं हाय. शहराची सवय."

"आन् लेंड्या?"

हवालदार त्या लेंड्या बघायला वाकले. एवढ्यात कुंपणापलीकडून चाचांनी विचारलं, की हवालदारसाब, हमारी बकरी इधर है क्या. मक्यातून शेळीनंच उत्तर दिलं.

तलाठ्यांनी अहवाल प्रामाणिकपणे लिहिला. पीक मका. शेळीपासून उपद्रव. काही दिवसांनी कचेरीतून कळवण्यात आलं, की शेळीच्या बंदोबस्तासाठी बंदुकीची आवश्यकता दिसून येत नाही.

त्या दिवशी हवालदार जेवले नाहीत. खुंट्यांच्या भिंतीकडं तोंड करून बसून राहिले. मेढ्याहून शेवटचा निरोप आलेला होता, बंदूक या महिन्यात मोडायला जाणार. काकी बाहेरच्या खोलीत आल्या. मी तिथंच होतो. त्या माझ्यासमोर नवऱ्याशी फारसं बोलत नसत, पण त्या दिवशी बोलल्या.

"आवं, ती बंदूक माझ्या बाची हाय. तुमी तिच्यासाठी मका पेरला, मी पानी घातलं. शेळी पोसली, डुक्कर पोसलं. आता मी जाते मेढ्याला. अर्ज माझ्या नावानं करायचा. रान माझं, बा माझा."

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमी लिवा."

हवालदारांनी मान वळवली नाही. एवढंच म्हणाले, की बाईच्या नावावर परवाना आणि आपण हवालदार, पारावर कसं जायचं. काकींनी माझ्यापुढं कागद ठेवला. मी अर्ज लिहिला. चष्मेवाल्या कारकुनांनी तो वाचला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा झाला. हे सगळं बसतंय, म्हणाले. वारस आहे, रान आहे, पीक आहे, डुकरंही चारपायी आणि खरी आहेत. फक्त बाईंना ती बंदूक हाताळता येते का, हे ठाण्यानं बघून कळवायचं.

आम्ही तिघं यष्टीनं मेढ्याला गेलो. हवालदार येणार नाही म्हणत होते, पण स्टँडवर आमच्या आधी हजर होते. इस्त्रीचा कोट, छातीवर सेवेची पदकं, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. ठाण्यात बंदूक आहे म्हणजे आवाज आलाच, असा त्यांचा हिशेब.

ठाणं कौलारू, मागं डोंगराचा उतार, उतारावर एक जुना आंबा. फौजदार तरुण होते. त्यांनी बंदूक आणायला सांगितली. ती दाराआडच उभी होती. इतकी वर्षं शिपाई पावसाळ्यात तिच्या घोड्याला रेनकोट अडकवत होते. एक रेनकोट अजून होता, तो काढून शिपायानं बंदूक बाकावर ठेवली.

हवालदारांनी ती पाहिली आणि ते सगळं विसरले. बंदुकीच्या तोंडावर पंजा ठेवून फौजदारांना माहिती द्यायला लागले. कानात बोळे, त्यामुळं आवाज चढा. ही शंभर वर्षांची, हिची नळी परदेशी, हिचा दस्ता शिसवी. फौजदारांनी दोनदा विचारलं, की अर्जदार कोण? ते त्यांना ऐकू गेलं नाही. तेवढ्यात काकींनी बंदुकीखालचा लोखंडी गज ओढून घेतला, नवऱ्याचा पंजा तोंडावरून बाजूला सारला आणि गज नळीत सोडला. गज खालपर्यंत गेला नाही. मध्येच थांबला. काकींनी तो चिमटीत धरून बाहेर काढला आणि नळीच्या बाहेरून लावून दाखवला. बुडापासून टीचभर अलीकडंच तो अडला होता.

"भरलेली हाय," काकी म्हणाल्या. "आबा भरूनच ठिवायचं. डुक्कर काय सांगून येतंय?"

रेनकोटवाला शिपाई हळूच पायरीवर बसला. हवालदारांचं मात्र चालूच होतं, आणि बोलता बोलता त्यांचा पंजा पुन्हा नळीच्या तोंडावर आलेला. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, की बंदूक भरलेली आहे. त्यांनी हात असा उचलला, की जणू तव्यावर पडला होता. मग दोन पावलं मागं सरून त्यांनी बंदुकीला कडक सलाम केला. का, ते त्यांनाच ठाऊक.

फौजदार म्हणाले, साताऱ्याला तज्ज्ञाकडं पाठवू. कशातून पाठवणार? यष्टीतून. भरलेली बंदूक मांडीवर घेऊन कोण बसणार? कुणीच नाही. म्हणून असं ठरलं, की ती आंब्याच्या बेचक्यात डोंगराकडं तोंड करून बांधायची, घोड्याखालच्या चापाला दोरी लावायची आणि लांबून ओढायची. नळी जुनी, फुटण्याची भीती होतीच. टोपी कुठून आणायची, हा प्रश्न आला तेव्हा काकींनी कमरेच्या पिशवीतून पितळेची एक डबी काढली. आबांच्या टोप्यांची. इतकी वर्षं ती कुंकवाच्या करंड्याशेजारी होती. फौजदारांनी डोंगराकडं बघत असल्याचं दाखवलं.

टोपी बसवून, घोडा चढवून काकी दोरी हातात घेऊन उभ्या राहिल्या. आम्ही सगळे भिंतीआड गेलो. हवालदारही निघाले.

"फुटली तर?" त्यांनी जाता जाता विचारलं, बोळ्यांमुळं सगळ्या मेढ्याला ऐकू जाईल असं.

"फुटली तर फुटली. तुमी आडाला व्हा," काकींनी हातानं खूण केली.

ते अर्ध्या वाटेवर थांबले. आमच्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. मग माघारी फिरले. काकींच्या पुढ्यात जाऊन त्यांनी स्वतःच्या कानातले दोन्ही बोळे काढले आणि एकेक करून काकींच्या कानांत घातले. पदर सारखा करून दिला आणि शेजारी उभे राहिले, सावधानमध्ये, डोळे गच्च मिटून.

काकींनी दोरी ओढली. टक, एवढाच आवाज झाला.

थोडा वेळ वाट पाहिली. मग फौजदार हसत बाहेर आले. त्यांच्या दृष्टीनं उत्तम झालं होतं. बंदूक मेलेली आहे, ते म्हणाले. दारूला ओल लागलीय. परवान्याची भानगडच नाही, आता लिहून देतो, घेऊन जा. काकींनी कानातला एक बोळा काढून ते ऐकलं. त्यांना बापाची बंदूक मिळत होती. हवालदारांना भिंतीसाठी बंदूक मिळत होती आणि आवाजही ऐकावा लागणार नव्हता. मी मनात म्हणालो, बाबा, आता घे आणि चल.

हवालदारांनी डोळे उघडले.

"न्हाई साहेब," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज प्रथमच साधा, रोजचा होता. "माझ्या सासऱ्यानं ही परवान्यावर वागवली. मेली म्हणून मी न्यायचा न्हाई. दुसरी टोपी लावा."

काकींनी मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पीन काढली, बंदुकीजवळ जाऊन टोपीखालचं भोक कोरलं, फुंकर घातली, नवी टोपी बसवली. जाग्यावर येऊन बोळा पुन्हा कानात घातला. हवालदारांनी डोळे मिटले आणि काकींच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

या खेपेला बार झाला. कावळे उडाले, कौलांवरची माती पडली, आंब्याच्या बेचक्यातून एवढा धूर निघाला की ठाणं दिसेना. आणि मग ठसका लागला. आधी शिपायांना, मग फौजदारांना, मग मला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शिंकांवर शिंका. बाजाराला निघालेली माणसं रस्त्यावर थांबून खोकायला लागली. आबांनी दारूवर छर्रे भरलेच नव्हते. खडे मीठ आणि लवंगी मिरची भरून ठासली होती.

"आबा डुकराला मारायचं न्हाईत," काकी डोळे पुसत म्हणाल्या. त्या ठसक्यानं रडत होत्या की आणखी कशानं, ते त्या धुरात कळायला मार्ग नव्हता. "निस्तं हाकलायचं. पोटासाठी येतंय म्हणायचं."

हवालदार अजून तसेच उभे होते. "झालं?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"झालं."

"बरं," ते म्हणाले, आणि मग सगळ्यांच्या शेवटी शिंकले.

फौजदारांनी खोकत खोकतच शिफारस लिहिली. परवाना काकींच्या नावानं आला. मालकाच्या वतीनं बंदूक बाळगणारा म्हणून दुसऱ्या एका माणसाचं नाव त्यात घालता येतं. काकींनी कारकुनांना सांगून तिथं हवालदारांचं घातलं. पारावर हे कळल्यावर काय होईल याची मला धास्ती होती. पण हवालदार स्वतःच जाऊन सगळं सांगून आले, मिरचीसकट. गोष्ट संपेपर्यंत कुणी मच्छरदाणीचं नाव काढलं नाही. ज्याचं बोट बर्फात गेलं होतं, तो म्हातारा म्हणे शेवटी एवढंच म्हणाला, की कान उघडे ठेवून उभं राहिलास, हे आपल्याला जमलं नसतं.

बंदूक त्या भिंतीवर कधीच लागली नाही. काकींनी साफ सांगितलं, की ती रानातली आहे, रानातच राहील. जोंधळा हुरड्यात आला की दोघं जावळीला जायची, मळणी उरकून परत यायची. तिकडं गावातले म्हातारे हवालदारांना तोंडावर घरजावई म्हणत. ते त्यांना जवान म्हणत. साताऱ्यात असले की सकाळी संग्रह दाखवणं चालूच असे. फक्त माहितीत थोडा फरक पडला होता. छडी खालच्या खुंट्यांवर टेकवून ते सांगायचे, "आन् ही टोपीची. ही कामावर गेलीया."

आणीबाणीच्या अखेरीस निवडणुका लागल्या, तेव्हा परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. मी त्या वेळी कालव्याच्या पाहणीसाठी त्या बाजूला गेलेलो. फाट्यावर यष्टीची वाट बघत होतो, तर डोंगरउतारावरून ही दोघं येताना दिसली. पुढं काकी, हातात पिशवी. मागं हवालदार, कोट घालून, खांद्यावर बंदूक, नळी आभाळाकडं. रिकामी आहे, गज घालून बघितलीय, असं त्यांनी मला रामराम घालायच्या आधीच सांगितलं.

गाडी आली. काकी चढल्या. हवालदार चढायला लागले तसा कंडक्टर दारात आडवा झाला. तो नवा होता, कोकणाकडचा असावा. गाडीतली बायकामाणसं डोकावून बघू लागली. कंडक्टरनं जरा दटावूनच विचारलं, की बंदूक कुणाची, परवाना कुठाय, आणि गाडीत ती उडाली तर जबाबदार कोण?

हवालदार फूटबोर्डावर ताठ उभे राहिले. छाती पुढं आली.

"मी निस्ता धरनारा हाय," ते म्हणाले. "उडवनारी आत गेली."

कंडक्टरनं वळून आत बघितलं. पुढच्या बाकावरचे दोघे बाप्ये गपचूप उठले आणि त्यांनी काकींना खिडकीची जागा दिली.